लघुतम माप

नळेगाव रोडला, डाळमिलांच्या रांगेच्या तोंडाशी
वजनकाटा आहे. साठ टनी.
मी गेले ती प्रश्नावली घेऊन,
बेचाळीस पानी :
‘मध्यम शहरांची आर्थिक वाढ, अडथळे व संधी’.
पहिल्याच पानाला औशाच्या स्टँडवरच्या
भज्यांचं तेल लागलेलं.

मन्मथप्पा हलकुडे, वय एकाहत्तर,
शिक्षण सातवी.
त्यांच्या कामाचा संकेतांक
माझ्या यादीत नव्हता.

‘काय मोजलालाव, मॅडम?’
मी म्हटलं, शहर.
ते हसले नाहीत.
सरकून बाकावर जागा केली.

‘गाडी आधी भरलेली चढती,
मग खाली होऊन येती.
दोन आकड्यांतला फरक म्हंजे माल.
आता तुमीच सांगा,
गाव भरलेलं कवा तोललं?
अन् खाली कवा?’

हे मी समासात लिहिलं.
प्रश्न क्रमांक अकराला
चारच पर्याय होते.

मग वह्या निघाल्या. एकतीस.
लाल कापडी पाठीच्या, धुळीनं जड,
तुरीच्या टरफलाचा वास धरलेल्या.
करडई एका पानावर संपते.
कुणी निरोप दिल्याची नोंद नाही.
पुढच्या पानावर सोयाबीन,
जणू पहिल्यापासून तेच होतं.
एक मिल आठवड्याला अकरा गाड्यांवरून
तीनवर येते, मग एकवर,
मग नुसताच तिचा रकाना, आखलेला, महिनाभर.

माझ्या सरांचं एक गृहीतक आहे :
रिकाम्या परतीच्या फेऱ्या म्हणजे
शहराकडं पाठवण्याजोगं काही नसणं.
मी वह्यांतल्या ‘खाली’ मोजू लागले.
चारशे बारा. चारशे तेरा.
आलेख सरांना हवा तसा चढत होता.

तेव्हा दिसलं पेन्सिलीचं,
कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात :
हैदराबाद, खाली, दोन माणसं.
पुणे, खाली, तीन माणसं, एक ट्रंक.
पुणे, खाली, नवरा-बायको, शिलाई मशीन.
भिवंडी, खाली, पाच.

‘ह्यांना तोललं नाही?’

‘कसं तोलावं? ते काट्यापुढं
त्या लिंबाखाली थांबायचे.
गाडी तोलून झाली की चढायचे.
पावतीवर खालीच.’

समोरच्या मिलचं सॉर्टेक्स खडखडत होतं.
काळी, किडकी, फुटकी डाळ
वाऱ्यानं वेगळी पडत होती.
चांगली कोणती, हे यंत्राला रंगावरून कळतं.

उठताना ते म्हणाले, ‘बघा की चढून.’
मी चढले. एवढा लांब लोखंडी पाट
आणि मध्ये मी, चपला घालून.
आकडा लाल झाला : साठ.
खांद्यावरची पिशवी काढून ठेवली,
बेचाळीस पानं, गुणिले एकशे वीस घरं.
साठ.
पुन्हा उचलली.
साठच.

‘विसाच्या खालचं ह्याला कळत न्हाई,’
ते म्हणाले, यंत्राची बाजू घेतल्यासारखं.
‘गाडीसाठी केलंय ते.’

अहवाल मार्चमध्ये गेला.
चौपदरी रस्ता, गोदामं, मालवाहतूक केंद्र,
शिफारशी सात, सगळ्या बरोबरच असतील.
लिंबाचं झाड मी तळटीपेत घातलं होतं.
सरांनी शेजारी लिहिलं : किस्सा. पुरावा?

त्या संध्याकाळी मात्र
निघताना मन्मथप्पांनी विचारलं,
‘मूळच्या कुठल्या?’
सेलूची.
‘अन् आता?’
पुण्याला. रात्रीची ट्रॅव्हल्स आहे.
त्यांनी कानामागची पेन्सिल काढली.
मला वाटलं हिशोब करतायत,
बाहेर गाडी हॉर्न देत होती, तुरीची, बिदरकडची.

रस्ता ओलांडून मी
लिंबाखाली थांबले, रिक्षासाठी.
तिथून त्यांची वही दिसत नव्हती.
पण हात दिसत होता.
एक ओळ. फार लांब नाही.